अर्ध्या किलोचं ओझं

लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. आमची कंपनी पंखे बनवते, आणि हिमशिखरांवरून धंद्याने काय शिकावं हे सांगायला बोलावलेला हा गिर्यारोहक तीन मजल्यांचे जिने बघून हिरमुसला होता.

“डोंगर चढता ना तुम्ही?” मी विचारलं.

“तिथे लिफ्टची आशाच नसते हो. इथे होती, म्हणून त्रास.”

मी हसले, आणि तिथेच फसले.

पाहुण्यांची सोय बघणं माझं काम. पण हा पाहुणा नंतरही काही ना काही निमित्त काढून यायला लागला. पाऊस असला की हटकून छत्री विसरायचा, माझ्या छत्रीत अर्धा भिजत चालायचा आणि वर म्हणायचा, यापेक्षा हिमवादळ परवडलं. इकडे आईने स्थळं आणायचा सपाटा लावला होता. शेवटी मीच त्याला लग्नाचं सरळ विचारलं. तो म्हणाला, मोठ्या मोहिमेवरून आलो की उत्तर देतो... आणि शेवटच्या तळावरून निघताना तुला फोन करतो, नक्की.

फोन आला नाही. मी फोन उशाशी घेऊन झोपत होते. मग बातमी आली, शिखर सर झालं. खाली आल्यावर तो म्हणाला, थंडीने बॅटरी मेली होती गं. मी विश्वास ठेवला. प्रेमात माणूस बॅटरीवरही विश्वास ठेवतो.

मग आमच्याच कंपनीच्या सभागृहात त्याचं पुन्हा भाषण ठरलं. पुढच्या रांगेत बस, तुला घातलंय भाषणात, असं तो लाजत म्हणाला. मला वाटलं, उत्तर तिथेच मिळणार. वेडी मी, आईलाही घेऊन गेले.

“वर ग्रॅम-ग्रॅम मोजावा लागतो,” तो सांगत होता. “माझ्याकडे अर्ध्या किलोचा सॅटेलाइट फोन होता. खाली कुणीतरी वाट बघत होतं. तो आवाज ऐकला असता तर माझा पाय निघाला नसता. मी फोन तंबूतच ठेवला... आणि हलका झालो. तुमच्या धंद्यात असा फोन कोणता?”

टाळ्या पडल्या. विक्री विभागाचे साहेब भराभर लिहून घेत होते. आईने माझ्याकडे बघितलं नाही, फक्त हात धरला.

भाषण संपल्यावर तो दाराशी आला, चेहरा फुललेला. आवडलं का, म्हणाला.

“बॅटरी मेली होती ना?”

तो गडबडला. “तुला वाईट वाटलं असतं म्हणून... पण अर्थ बघ ना त्यातला. नुसत्या तुझ्या आवाजाने मी परत फिरलो असतो. प्रेम म्हणजे आणखी काय? लग्न करू या आपण.”

हेच ऐकायला मी इतके दिवस जीव टांगून बसले होते. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मला तो हवाच होता.

“पुढच्या मोहिमेत फोन वर नेशील?”

नुसतं हो म्हणाला असता, तरी मी पुन्हा फसले असते. पण तो थांबला, विचारात पडला, आणि पहिल्यांदाच खरं बोलला.

“ते शिखर याहून उंच आहे गं...”

आत फोटोसाठी लोक खोळंबले होते. मी म्हटलं, जा. आणि तो गेला.