नंदीचा कान

वारज्याच्या शेतात काचेच्या इमारतीतली कंपनी उभी राहिली, तेव्हा बायडाबाई काही बोलली नाही. जमीन विकली, विषय संपला. पण बांधावरच्या महादेवासमोरचा दगडी नंदी एका सकाळी जागेवर दिसला नाही, आणि तिचं टाळकं सरकलं.

नंदी सापडला कंपनीच्या दर्शनी दालनात. अंगावर दिवे सोडलेले, तोंड हायवेकडे, महादेवाकडे शेपूट. अभिनव नावाचा मॅनेजर गोड हसला. “काकू, बुल म्हणजे मार्केट वर जाणार. क्लायंटना फार आवडतो.”

“त्याच्या पाठीवर कोण बसतंय, ते ठाऊक हाय का तुमच्या क्लायंटला?”

नंदी कुणी आणून दिला, ते अभिनव काही सांगेना. तिचा मुलगा रविराज म्हणाला, बिल्डरनं उचलला असणार, सोडून दे. रविराजच्या गाड्या त्याच कंपनीची माणसं ने-आण करत. तो कशाला वाकड्यात शिरेल?

मग तिनं नवस बोलतात तसा नंदीचा एक कान हातानं झाकला आणि दुसऱ्याला तोंड लावलं. “ज्यानं तुला देवापुढनं उठवलं, त्याच्या दारात जाऊन बस.” सुटाबुटातले पाहुणे बघत राहिले. बघेनात का.

दुसऱ्या दिवशी रविराजनंच बातमी आणली. चौघांना न हलणारा नंदी म्हणे झाडूवाल्याच्या धक्क्यानं सरकला. वाजवला तर आत पोकळ. सांगताना रविराज हसत नव्हता. बायडाबाई मात्र हसली. गेला बिल्डरकडे, बरं झालं.

संध्याकाळी जिन्यात कडब्याचा वास आला. चौथ्या मजल्यावर गोठा कुठला? रविराज दार उघडून बाहेर निघाला आणि अडला. समोर जिना मोकळा होता, तरी पाय उंबऱ्यापलीकडे जाईना. त्यानं खांदा लावून पाहिला. घामाघूम झाला.

बायडाबाईनं हात पुढे केला. रिकाम्या हवेत गार दगड लागला. मग ओलं नाक. मग श्वास.

ती मुलाकडे वळली. “तूच दिलास.”

“आई, त्याच्या बदल्यातच कंपनीत माझ्या गाड्या लागणार होत्या. एक दगड तर होता. सांग ना त्याला जायला.”

एक शब्द पुरला असता. पण ‘एक दगड’ तिच्या डोक्यात गेला. हा पोरगासुद्धा तिनं त्याच्याच कानात मागितला होता.

तिनं चाचपत कान शोधला. दुसरा झाकला. ओठ हलले.

रविराजला काही ऐकू आलं नाही.

उंबऱ्याच्या आत, फरशीवर, एक खूर वाजला.