दारावरचा लाल आकडा

दारावर टकटक झाली तेव्हा वर्षाचे हात भाकरीच्या पिठात होते, आणि काळीज आधीपासूनच धडधडत होतं. खोल्यांच्या त्या लांब रांगेत एकेक कडी आतून पडत आलेली तिनं ऐकली होती. शेजारच्या रेश्माचीही पडली. शेवटची खोली वर्षाची. उठून कडी घालावी तर हात पिठाचे, आणि दार सताड उघडं.

उंबऱ्याबाहेर एक तरुण उभा. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात मोबाईल आणि एप्रिलच्या उन्हानं लालबुंद झालेला चेहरा. डिचोलीच्या कारखान्यांमागच्या त्या उतारावर काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास भरून राहिला होता, तो त्याच्या शर्टालाही लागला होता.

"भिऊ नका," तो म्हणाला.

आता भिऊ नका म्हणत दारात येणाऱ्यालाच माणूस जास्त भितो, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगावं?

"मी साईश. सरकारी शाळेत मास्तर, पेडण्याचा. जनगणना चाललीय ना, आधी घरं मोजतो आम्ही. चार प्रश्न विचारतो नि जातो."

"चारच?"

"जास्त आहेत," तो ओशाळला. "पण चार म्हटलं की लोक दार लावत नाहीत."

वर्षाला हसू आलं, ते तिनं गिळलं. हसायचे दिवस नव्हते. घरमालक कृष्णनाथांनी परवाच सगळ्यांना बजावलं होतं, "कोण विचारूक इलो तर सांगायचं, आमी पावणे, दोन दिस रवूक इलंव." त्या खोल्या कसल्या परवानगीनं उभ्या होत्या, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि राहणाऱ्यांनी विचारायचं धाडस कधी केलं नव्हतं.

"घर स्वतःचं की भाड्याचं?"

"आम्ही... पाहुणे आहोत."

"कोणाचे?"

हे मालकांनी शिकवलं नव्हतं. वर्षानं भाकरीचा गोळा पुन्हा मळायला घेतला. साईशची नजर दाराशेजारच्या तेलाच्या डब्यावर गेली. डब्यात तुळस होती, चांगली छातीएवढी वाढलेली. आत खुंटीला तिच्या बाबांचा ओळंबा आणि थापी.

"पाहुण्यांनी तुळस बरी लावलीय," तो हळूच म्हणाला.

वर्षाच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यानं तो धागा सोडून दिला आणि पुढचा प्रश्न काढला. "बरं, पाहुण्यांच्या घरी मुख्य धान्य कुठलं?"

"असं पण विचारतात?"

"सरकारला काळजी असते हो, माणसं जेवतात काय त्याची."

"नाचणीची भाकरी. आम्ही चंदगडकडचे. दुपारी भात... आणि सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव."

"रोज?"

"रोज," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. दोन दिवसांच्या पाहुण्यांना पाववाला रोज कुठून भेटणार? खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं माणसानं.

तो मोबाईलकडे बघत हसला. "घरात लग्न झालेली जोडपी किती?"

"एक. आई-बाबा."

"आणि बाकी?"

"बाकी मीच."

एवढंसं उत्तर लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं पिशवीतून मार्कर काढला आणि चौकटीवर आकडा घातला. लालभडक.

"काळा उन्हानं सुकला," तो म्हणाला. "हा शाळेतला, वह्या तपासायचा."

जाताना त्यानं उताराच्या वळणावरून एकदा मागे पाहिलं. वर्षाही बघतच होती. पण खरं सांगायचं तर ती त्याच्याकडे कमी आणि त्या आकड्याकडे जास्त बघत होती.

कारण लाल आकडा म्हणजे घर पाडणार, हे त्या उतारावर सगळ्यांना ठाऊक होतं. रेश्मा आधी ओढ्याकाठच्या खोपटात राहायची. तिथंही असेच साहेब आले होते, पाणी मागून प्याले होते, आणि खोपटांवर लाल आकडे घालून गेले होते. मागोमाग पाडायचं पिवळं यंत्र आलं, आणि रेश्मा एका बादलीत संसार घालून ह्या रांगेत आली.

"गोड बोलूनच लिहितात गं," ती दार किलकिलं करून म्हणाली. "माझ्या दाराला बी घातलाय. दार बंद होतं तरी घातलाय."

संध्याकाळी बाबा कामावरून आले. मारुती गवंडी म्हणजे डिचोलीत अर्ध्याअधिक लोकांच्या घरांचा पाया भरलेला माणूस. त्यांनी चौकटीवरचा आकडा पाहिला आणि पायसुद्धा न धुता उंबऱ्यावर बसले.

"चंद्रभागा, बोचकी बांध," ते म्हणाले. "रविवारच्या गाडीनं गावाकडं जाऊ. यंत्र येऊन हुसकायच्या आधी आपणच गेलेलं बरं."

आईनं डोळ्याला पदर लावला. गावी मामानं तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं, तिला न विचारता. इथं औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांवर तिची नजर फिरायची, तिच्या हातून गेलेली पाकिटं परत येत नसत. इथं तिला कोणी विचारून तरी वागत होतं. रविवारी गाडीत बसलो की हे सगळं संपलं, हे तिला लख्ख कळत होतं.

सकाळी तिनं बाबांचा थिनरचा डबा घेतला, फडकं घेतलं आणि आकडा पुसून टाकला. आकडाच नसेल तर यंत्र कुठलं घर शोधणार? रेश्मानं पाहिलं, तिनंही फडकं आणलं. बघता बघता अख्खी रांग पुसायला लागली.

आणि नेमका त्याच वेळी साईश उतार चढून आला. हातात नवाकोरा काळा मार्कर. बायका फडक्यांसकट आत पळाल्या, कड्या पडल्या. बाहेर राहिली एकटी वर्षा, हातात लाल झालेलं फडकं घेऊन.

साईशनं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "मी लिहिलेलं..."

"मी पुसलं. सगळ्यांचं मीच पुसलं." तिनं फडकं पाठीमागे लपवलं नाही. "पोलिसांत द्यायचं तर माझं एकटीचं नाव द्या."

"तुमचं नाव तुम्ही मला सांगितलंच कुठं?" तो म्हणाला. "मारुती गवंड्यांचं घर, एवढंच लिहिलंय माझ्याकडे."

"...वर्षा."

"वर्षा, जरा पाणी देता? मग सांगतो, पोलिसांत द्यायचं की नाही ते."

तो पायरीवर बसला. तिनं तांब्या पुढे केला तेव्हा पाणी हिंदकळून त्याच्या हातावर सांडलं. त्यानं ते पुसलं नाही.

"आमचे काजू मोपाच्या पठारावर होते," तो म्हणाला. "विमानतळाची मोजणी झाली तेव्हा दगडांवर खुणा केल्या. लालच. माझी आई रोज नारळाचं सोडण घेऊन जायची आणि घासून काढायची. मी शाळेत होतो, मला लाज वाटायची तिची. कळलं उशिरा. आता काजू नाहीत. विमान गेलं की ती अजून वर बघत नाही."

वर्षा त्याच्याकडे बघत राहिली. कालपासून ज्याला ती यंत्राचा माणूस समजत होती, तो तिच्याच पंगतीतला निघाला.

"मग तुम्ही का घालता आकडे?"

"हा आकडा मोजण्यासाठी आहे. किती घरं, नळ किती जणांना, संडास किती जणांना, हे कळण्यासाठी. पाडण्यासाठी नाही. शपथेवर सांगतो."

"घर पाडणार नाहीत, असं सांगता?"

"ते नाही सांगू शकत. ते माझ्या हातात नाही. पण... जे कुठंच लिहिलेलं नसतं ना, ते गेलं तरी कोणाला कळत नाही. आमच्या काजूंचं तेच झालं."

हो म्हणाला असता तर तिनं विश्वास ठेवला नसता. तो नाही म्हणाला, म्हणून ठेवला. भीती होतीच. तरी ती बोलली.

"आम्ही पाहुणे नाही. भाड्यानं राहतो. मी शाळेत होते तेव्हापासून इथंच राहतो. लिहा."

मागून खाकरण्याचा आवाज आला. बाबा दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. आता खोली जाणार, मालक चिडणार, आणि गावी जायचा बाबांचा शब्दही तिनं मोडला.

"मास्तर," ते म्हणाले, "हा मार्कर पावसात टिकायचा न्हाई."

ते आत गेले आणि काळ्या ऑइलपेंटचा डबा, बारका ब्रश घेऊन आले. "ह्यानं लिवा. दुसऱ्यांची घरं बांधून हात झिजलं माझं, आपलं घर आहे म्हणायचं कधी धाडस झालं न्हाई. पोरीनं केलंय, तर पुसणार न्हाई असं लिवा." मग आत वळून म्हणाले, "चंद्रभागा, बोचकी सोड. मालकाशी मी बोलतो."

साईशनं आकडा घातला. डबा वर्षानं धरला. तो मास्तर, अक्षर मोत्यासारखं असायला हवं, पण शेवटचा आकडा वाकडा आला.

"हा वाकडा का आला?" तिनं विचारलं.

"एक प्रश्न राहिलाय. मोबाईलमधला नाही."

"मग विचारू नका."

"घाबरलो तरी विचारणार." त्यानं ब्रश डब्यात बुडवला आणि तो उगीचच बुडवत राहिला. "फेब्रुवारीत माणसं मोजतील. एकेकाचं नाव घालून. तेव्हा वर्षा हे नाव... कुठल्या घरात घालायचं? पेडण्यात एक घर आहे. आई आहे. आणि बाकी मीच."

वर्षाचं काळीज कालच्यापेक्षा जोरात धडधडलं. आवडला होता तो तिला, पाहुण्यांची तुळस म्हणाला तेव्हाच आवडला होता. पण पेडण्याच्या मास्तरच्या आईनं गवंड्याची पोर दारात उभी केली नाही तर? जातीचं, गावाचं, भाषेचं काढलं तर? अनोळखी घराची भीती काय कमी असते?

"भीती वाटते मला," ती स्पष्टच म्हणाली.

"मलाही. म्हणून आईला घेऊन येतो. तिला तुमचं फडकं दाखवतो, ती काही बोलणार नाही."

ती हसली, ह्या वेळी न गिळता. मग गंभीर झाली.

"फेब्रुवारीत माझं नाव ह्याच घरात घाला," ती म्हणाली. "एवढी वर्षं आम्ही इथं पाहुणे होतो. एकदा तरी बाबांच्या घरात माझं नाव लागू दे."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... नाही?"

"म्हणजे फेब्रुवारीनंतर."

खालच्या रस्त्यावर कारखान्याच्या बसनं हॉर्न दिला. वर्षानं डबा त्याच्या हातात कोंबला, पिशवी उचलली आणि उतारावरून पळत सुटली. बसमध्ये शेजारच्या सीटवरची बाई तिचा हात धरून म्हणाली, "अगो, बोटाला काळं काय लागलंय हे?"

"आमच्या घराचा नंबर," वर्षा म्हणाली.