खुर्चीतला कापूस

हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाही. हर्षदाला मी सहा वर्षं ओळखते. सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत. जे मोजता येत नाही, ते ती बोलत नाही.

तरीही तिनं मला हे सांगितलं.

गेल्या मार्चमधला बुधवार, तिच्या साप्ताहिक सुटीचा. लिंबायतमधली तिची दोन खोल्यांची जागा. दुपारचे चार.

घरात ती आणि तिचे वडील, सुकलालआप्पा. मूळचे धुळ्याकडचे. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभे राहून दोन्ही कान गेलेले. आई होती तोवर ती त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलायची.

दिवाळीत आई गेली.

आप्पा गप्प झाले. दिवसाला चार शब्दही नाहीत.

त्यांनी निदान खिडकीत बसावं म्हणून हर्षदानं भंगारातून एक जुनी आरामखुर्ची घेतली. सागवानी, भक्कम. नानपुऱ्यातलं कुठलंसं घर पाडलं, तिथून आलेली.

गल्लीतल्या गादीवाल्या हिलालनं ती उघडली. पॉलिश केलं, पट्टे बदलले, पाच इंची फोम घातला, वर हिरवं कापड ठोकलं.

"टेन्शन नई लेवानु, बेन," तो म्हणाला. "अशी करून देतो की आप्पा उठायचं नावच घेणार नाहीत."

जुन्या गादीतून कापूस निघाला. लांब धाग्याचा, पांढरा.

"हा फेकू नका हां. असा आता मिळत नाही."

आईनंही फेकला नसता. हर्षदानं तो पिंजून घेतला आणि आप्पांसाठी उशी केली.

त्या बुधवारी आप्पा त्या उशीवर पहिल्यांदा आडवे झाले. हर्षदा चहा गाळत होती.

"कोन खोकना वं?"

आप्पांनी विचारलं.

कोणी खोकलं नव्हतं. आणि खोकलं असतं, तरी आप्पांना ऐकू येणार नव्हतं.

तिनं त्यांच्या पाठीमागे जाऊन ताट आपटलं. आप्पा हलले नाहीत. दोन दिवसांनी डॉक्टरकडून कान तपासून आणले. आलेख होता तसाच. एका रेषेचाही फरक नाही.

पण उशीवर कान टेकला की आप्पा हसायचे. "हौ, हौ" करायचे. मध्येच खान्देशातल्या शेताबद्दल काहीतरी सांगायचे.

आईनंतर पहिल्यांदाच ते बोलत होते. हर्षदाशी नाही.

खुर्चीत मात्र ते एकदाही बसले नाहीत. "तठे ते बसतस," एवढंच म्हणाले. तिथे ते बसतात.

हर्षदानं पट्टी घेतली. सकाळी फोम पाच इंच. दुपारी चारला, मधोमध... साडेतीन.

रजा टाकून सात दिवस मोजलं. सातही दिवस तेच.

हळूहळू आप्पा उठेनासे झाले. दिवसातले दहा तास उशीवर. जेवणही आडवं पडूनच.

आठव्या दिवशी तिनं उशी उचलली आणि हिलालच्या दुकानात ठेवून आली.

आप्पांनी ताट बाजूला सारलं. संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी त्यांना धड बसवेना. हर्षदा धावत जाऊन उशी घेऊन आली.

"बरं झालं ताई, नेली," हिलाल म्हणाला. हसला नाही. "दुकानात झोप लागत नव्हती."

आप्पांनी उशीवर डोकं ठेवलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडले. आई गेल्यापासून त्यांनी तिला जवळ बोलावलं नव्हतं. आता बाजूला सरकून त्यांनी जागा केली.

"ये माय. तू बी आइक."

ती नाही म्हणू शकली नाही.

उशीच्या दुसऱ्या टोकाला तिनं कान टेकला. समोर खुर्ची होती. रिकामी. चार वाजत होते...

हिरवं कापड मधोमध हळूहळू खाली बसलं.

त्या दिवशी तिनं पट्टी घेतली नाही.

"ऐकू काय आलं?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आता आप्पा जेवतात. बाप-लेक रोज बोलतात म्हणे. तिनं लॅबमधून तीनलाच सुटी मागून घेतली आहे, कायमची.

काल काम जास्त होतं म्हणून तिला थांबावं लागलं. लॅबमध्ये आम्ही दोघीच. घड्याळात चार.

हर्षदानं मान वळवली. इतक्या वर्षांत माझ्याशी ती कधी अहिराणीत बोललेली नाही.

"कोन खोकना वं?"

मी खोकले नव्हते.