थंड खोलीतली गरम नळी

नरकचतुर्दशीच्या सकाळी बनशंकरीच्या वृद्धाश्रमातली औषधांची थंड खोली कोमट निघाली आणि नियमाप्रमाणे सगळे इन्सुलिन बाद करावे लागले.

व्यवस्थापिका श्रीविद्याबाईंनी यंत्रचालक मुकुलला सर्वांदेखत निष्काळजी ठरवून घरी धाडले. दुपारी विश्वस्त मंडळ त्याला कामावरून काढणार होते.

जाताना तो एवढेच म्हणाला, "यंत्र बंद पडलंच नव्हतं, बाई. दिवे बघा."

दिवे लख्ख चालू होते. श्रीविद्याबाईंच्या मनात काटा रुतला. त्या यंत्रघरात उतरल्या.

तिथला इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, आश्रमाची वीज बनवी. त्याची उष्णता दोन वाटांनी जाई : न्हाणीघरांकडे आणि थंड खोलीच्या गारवायंत्राकडे. नुसत्या विजेसाठी हा घट परवडत नाही, उष्णता वाटून वापरली तरच खर्च निघतो, असे मुकुल सदा घोकायचा.

गारव्याकडच्या नळीची चावी करकचून बंद होती. चावीच्या चाकाला सुगंधी तेल लागले होते. मुकुलचे केस तर सकाळी कोरडे होते.

हिशेबनीस रत्नाकर दारात आला. "हा पांढरा हत्ती काढा, म्हणत नव्हतो मी?"

"तुमचं अभ्यंग झालं?"

"घरी गेल्यावर. का?"

"आणि इथल्यांचं?"

"सगळे खूश आहेत. म्हणतात, यंदा पाणी कढत!"

श्रीविद्याबाई तडक गोदूअक्कांच्या खोलीत गेल्या. वयाचा मान म्हणून पहिली आंघोळ अक्कांची.

"अक्का, पाणी कसं होतं?"

"कढत."

"पहिल्या तांब्यालाही?"

अक्कांनी जवळची तेलाची वाटी मागे सरकवली.

"चाक फिरवणाऱ्याने तेल लावलं होतं, पण आंघोळ व्हायची होती. म्हणजे पाणी कोमट लागलं म्हणून तो मधूनच उठला. नंतरच्यांना कढत पाणी मिळालं. मग कोमट लागलं कुणाला? पहिल्याला."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "यंत्रघरात उतरले, तर थंड खोलीत गरम नळी शिरलेली दिसली गं! वाटलं, कुणा शहाण्याने उलटी जोडली. स्वल्प म्हणता म्हणता पार बंद केली."

"त्या उष्णतेवरच गारवा चालतो, अक्का."

"तू मुकुलला बोललीस तेव्हा कळलं. वाटून घ्यायची ती सगळी मी ओढून घेतली. सांगायला जीभ उचलेना."

"माझी फारच लवकर उचलली."

श्रीविद्याबाईंनी फोन लावला. "मुकुल, परत ये. मंडळापुढे आम्ही दोघी बोलणार आहोत. तू नाही."

अक्कांनी तेलाची वाटी पुढे ओढली. "आणि म्हणावं, आधी माझ्यापुढे डोकं कर. चाकाला हात नंतर."