उलट्या बसलेल्या चौकटी

आमच्या जावयाचा धंदा आवाजांना वळण लावण्याचा. प्लास्टिकच्या हातभर चौकटी, आत वारुळासारखी वळणं. आवाज आत शिरला की कुठे जायचं ते चौकट ठरवते. घरात माझंही थोडंफार असंच चालतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

हिचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, शांतता हवी. घरातली अशांतता म्हणजे मी. माझी शिंक तीन मजले ओलांडते. तेव्हा आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर चौकटी बसवायचं ठरलं. माझा आवाज तिकडे जाणार नाही, हिची हाक मात्र मला येईल. ते महत्त्वाचं. मागे एकदा हाक ऐकू आली नव्हती आणि ही तासभर न्हाणीघरात पडून होती.

सुताराने गुळगुळीत बाजू माझ्याकडे केली. "शोभा नको का, काका?"

"उलट्या बसल्यात," जावई म्हणाला. "फार तर चालणार नाहीत, बाबा."

चालल्या. मंगळवारी भिंतीतून ही म्हणाली, "अहो, पाणी देता?" पेला घेऊन गेलो, तर ही गाढ झोपेत. दहा मिनिटांनी उठली आणि त्याच सुरात म्हणाली, "अहो, पाणी देता?" मग पेला दिसला. "चाळीस वर्षांनी का होईना, मनातलं कळायला लागलं म्हणायचं!"

जावयाने दोन दिवस यंत्रं लावली. "आवाज उशिरा आला असता तर समजू शकलो असतो," एवढंच बोलून तो चहा न घेता गेला. चौकटी मी काढू दिल्या नाहीत. हाक आधी आलेली बरीच.

अंतर वाढत गेलं. दहा मिनिटं, तास, मग अख्खा दिवस.

काल चारला भिंतीत चमचा वाजला. गोळ्यांची डबी मिटली. "अहो." मग, "अहो, ऐकताय ना?" मग तिसरी हाक, भेदरलेली.

लग्नापासून मी तिसऱ्या हाकेपर्यंत कधी थांबलेलो नाही. तेवढी छाती नव्हती.

आज पावणेचारलाच मधलं दार सताड उघडून खुर्चीत बसलो. भिंत सकाळपासून गप्प होती.

आतून चमचा वाजला.

डबी मिटली.

"अहो."

"आलो, आलो!"

"अहो, ऐकताय ना?"

मी धावत तिच्या पलंगापाशी गेलो.

तिसरी हाक तिने माझ्यासमोरच मारली.

मग ती सावकाश उठली, माझ्या खोलीत गेली, आणि वाकून खुर्चीतल्याचा चष्मा अलगद काढून घेतला.