वणव्यातली लाल गाडी

सूर्य मावळायच्या आत खंडाळ्याचा माथा गाठायचा, आणि तोही गाडीवर ओरखडा न उठवता! पहाटे नाशिक सोडताना द्वारका गुप्तेने एवढेच मनाशी ठरवले होते. पुण्यातल्या काही हौशी मोटरवाल्यांनी त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सदुसष्टच्या एप्रिलमध्ये, एक शर्यत ठेवली होती. नाशिककडून कसारा घाट उतरायचा, मुरबाडवरून कर्जतला यायचे आणि खोपोलीतून बोरघाट चढून खंडाळ्यात पोहोचायचे. पहिला येईल त्याला चांदीचा करंडक! शर्यतीतल्या गाड्यांपैकी एकाच गाडीच्या चाकावर बाई होती.

गाडी मात्र तिची नव्हती. ती गोपाळकृष्ण प्रधानांची. प्रधानसाहेब पुण्यातले जुने इंजिनिअर. तरुणपणी त्यांनी ही लाल, दोन माणसांची, बिनछपराची शर्यतीची गाडी विलायतेहून बोटीवर घालून आणली होती. आता त्यांचे डोळे गेले होते. द्वारका त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि संध्याकाळी त्याच गाडीतून फिरवून आणी. ते बॉनेटवरून हात फिरवत आणि धूळ कुठे बसली आहे ते बोटांनीच ओळखत. शर्यतीचे कळल्यावर किल्ली त्यांनी आपणहून तिच्या हातावर ठेवली होती.

शेजारच्या जागेवर, मांडीवर नकाशा पसरून, तिचा धाकटा भाऊ शरच्चंद्र बसला होता. कर्जतच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. त्याला गाडी चालवता येत नव्हती, वेगाची भीती वाटत होती, आणि बहिणीला ‘नाही’ म्हणणे त्याला आजवर कधी जमले नव्हते.

कसारा त्यांनी झकास उतरला. मुरबाडपर्यंत त्यांच्या पुढे एक निळी गाडी सोडली तर कोणी नव्हते. पण मुरबाड सुटले आणि रस्त्याने रंग दाखवला. नुसती खडी, मध्ये बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि गाडीचे पोट जमिनीपासून वीतभर उंच! दगड खालून असे काही आदळत होते, की प्रत्येक आवाजाला शरच्चंद्र दोन्ही पाय वर उचलून घेई. त्याने काय होणार होते, देव जाणे.

कशेळ्याच्या बाजारात शिरता शिरता बॉनेटमधून फस्सकन वाफ उसळली.

“थांबली!” शरच्चंद्र ओरडला.

“थांबली नाही, मी थांबवली,” द्वारका म्हणाली. तिने खाली वाकून पाहिले. रेडिएटरच्या तळाशी दगड लागून बारीक चीर पडली होती. थेंब थेंब पाणी गळत होते.

मिरच्यांचा वाटा मांडून बसलेली अंबूबाई भरला हंडा घेऊन आली. लोक भोवती जमले. “ही कसली गं मोटर? मानसा बसत्यात का झोपत्यात हिच्यात?” अंबूबाईने विचारले आणि सगळे हसले. द्वारकाही हसली. कोणीतरी साबणाची वडी दिली, ती मळून चिरेत बसवली, पाणी भरले. गाडी निघाली.

दहिवलीत त्यांचे स्वतःचे घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होते. तिथे थांबावे, आईच्या हातचे ताक प्यावे, असे शरच्चंद्राला फार वाटले. त्याने बोट नकाशावर पुढे सरकवले. गाडी कर्जतमधून, पळसदरीवरून धुरळा उडवत खोपोलीत आली तेव्हा दुपार टळटळीत तापली होती. उन्हात घाटात इंजिने तापतात म्हणून ट्रकवाले चिंचेखाली गाड्या लावून झोपले होते. शर्यतीचा एक स्वयंसेवक छत्री धरून उभा होता.

“निळी गाडी आत्ताच वर गेली,” तो म्हणाला. “पण बाई, घाटात धूर दिसतोय. वणवा असेल. जरा थांबता का?”

शरच्चंद्राने वर पाहिले. सह्याद्रीची भिंत उन्हात पांढुरकी पडली होती आणि तिच्या एका कुशीतून करडा धूर सरळ आभाळात चढत होता.

“ताई, थांबूया का?” त्याने हळूच विचारले.

“धूर दरीत आहे, रस्त्यावर नाही. निळ्या गाडीला जमलं, ते आपल्याला नाही जमणार?” तिने गिअर टाकला.

घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाशी तिने गाडी न थांबवता हात जोडले. वळणामागून वळण मागे पडू लागले. इंजिनाचा आवाज कड्यांवर आपटून दुप्पट होत होता. वाळल्या गवताचा वास आता जळक्या गवताचा झाला होता. वर कावळे आणि घारी गोल गोल फिरत होत्या. एक ससा रस्ता ओलांडून डोंगराकडे पळाला. मागोमाग दुसरा.

आणि इंजिनाने आचका दिला! एक, दोन, मग शांतता. साबण केव्हाच वितळून गेला होता. रेडिएटर कोरडा पडला होता आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली होती. द्वारकाने हँडब्रेक खेचला. स्टार्टर मारला. पुन्हा मारला. नुसता कर्र कर्र आवाज.

त्या शांततेत त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. कोणी हजारो काटक्या एकदम मोडाव्यात, तसा. तो खालून, दरीतून येत होता. शरच्चंद्राने कठड्यावरून वाकून पाहिले. उताराभर गवतातून आगीची लांबलचक रेघ वर सरकत होती. वाऱ्याची झुळूक आली की ती रेघ उडी मारी!

“ताई, वर पळूया!”

द्वारकाने वर बोट दाखवले. पुढच्या वळणावर धुराचा पडदा रस्त्यावर उतरला होता आणि त्याच्या आत तांबूस काहीतरी हलत होते. आगीने तिथे रस्ता ओलांडला होता.

तेवढ्यात कठड्याच्या फटीतून एक म्हातारी खोकत, सरपटत वर आली. लुगडे काजळीने काळे झालेले, हातात दोन दावी. दाव्यांच्या टोकांना दोन बकऱ्या, त्यांतली एक चांगलीच गाभण.

“पळा रं, पळा! खालनं येतंय!” ती ओरडली आणि धपकन रस्त्यावर बसली. तिचा घोटा सुजून टम्म झाला होता.

“आजी, नाव काय तुमचं?” द्वारकाने तिला सावरत विचारले.

“मोतीबाई. खालच्या वाडीची हाय मी. माझा हिरू आग इझवाया गेलाय तिकडं. मी बकऱ्या आनाया आलते.”

“पाय टाकता येतोय?”

“नाय येत गं बाय.”

द्वारकाने वर पाहिले, खाली पाहिले, गाडीकडे पाहिले. शरच्चंद्र तिच्या तोंडाकडे पाहत होता.

“ही इथे वळवता येणार नाही,” ती म्हणाली. “पण उतार आहे. ब्रेक सोडला की मागे जाईल. तशीच उलटी शिंगरोबापर्यंत उतरवू. आजी, चढा!”

“बकऱ्या?”

“बकऱ्या राहू द्या.”

“मग मी बी ऱ्हाते!” मोतीबाईने दावी मनगटाला गुंडाळली. “बकऱ्या सोडून मी नाय यायची!”

वाद घालायला वेळ नव्हता. ज्या कातडी गादीवर प्रधानसाहेब चपला काढून बसत, तिच्यावर मोतीबाई, गाभण बकरी आणि तिला चिकटलेली दुसरी, अशी सगळी कोंबली गेली. शरच्चंद्र मागच्या डिकीवर गुडघे टेकून, तोंड मागे करून बसला.

“शरू, मला मागचं काही दिसत नाही. तू सांगशील तसं मी चाक फिरवीन. हळू नको, मोठ्यानं सांग!”

ब्रेक सुटला. गाडी मागे सरकली. आधी हळू, मग जोरात!

“डावीकडे!” तो ओरडला. गाडी सरळ कठड्याकडे निघाली! “नको, नको! उजवीकडे!” टायर किंचाळले. मागचे चाक कठड्याच्या दगडाला घासून गेले आणि खालची दरी क्षणभर त्याच्या डोळ्यांत भरली. तो मागे तोंड करून बसला होता. त्याची डावी म्हणजे बहिणीची उजवी!

“डावं-उजवं सोड!” द्वारका गरजली. “डोंगर म्हण, नाही तर दरी!”

“डोंगर! डोंगर! बस्स! आता दरी... थोडी दरी... डोंगर!”

वळण आले. गेले! मोतीबाई देवाचे नाव घेत होती. बकरी बें बें करत होती. ठिणग्या वाऱ्यावर उडून गादीवर पडत होत्या आणि म्हातारी त्या तळहाताने थापटून विझवत होती. दुसरे वळण आले.

“दरी! दरी! आता सरळ!”

“शरू, ब्रेक धरत नाही!” द्वारकाचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. “तापलाय! पाय खाली जातोय!”

आणि नेमका तेव्हाच धूर आला. खालून उसळलेल्या लाटेसारखा तो रस्त्यावर पसरला आणि शरच्चंद्रासमोरचा डोंगर गेला, दरी गेली, रस्ता गेला.

“दिसत नाही! ताई, काहीच दिसत नाही!”

“डोंगर कुठल्या बाजूला होता शेवटी?”

“तुझ्या... तुझ्या उजव्या हाताला!”

तिने चाक फिरवले. गाडीचा मागचा भाग डोंगराच्या कडेच्या चरात धाडकन शिरला. शरच्चंद्र डिकीवरून उडून मातीत पडला. गाडी कलली, हलली आणि थांबली.

कोणीही मेले नव्हते. एवढे कळायलाही त्याला वेळ लागला. मग त्याला चराच्या तोंडाशी, रस्त्याखालून आरपार जाणारी दगडी मोरी दिसली. पावसाळ्यात तिच्यातून पाणी धावे. आता ती कोरडी ठणठणीत होती.

“आत! आत शिरा!”

मोतीबाईला ओढून, बकऱ्यांना ढकलून ते मोरीत शिरले. द्वारका सर्वांत शेवटी वाकली आणि एकदम परत फिरली.

“गाडीत निम्मी टाकी पेट्रोल आहे. ढकलून रस्त्याच्या मधोमध तरी लावते. चरात गवत आहे शरू, पेटेल ती!”

शरच्चंद्राने तिचे मनगट धरले.

“नाही.”

“सोड!”

“नाही सोडणार! जाऊ दे करंडक, जाऊ दे गाडी!”

तिने हिसका दिला. त्याने दोन्ही हातांनी धरून तिला आत खेचले, आणि त्याच क्षणी मोरीच्या दरीकडच्या तोंडाशी उजेड पडला. भर दुपारी पडलेला पिवळा, थरथरता उजेड. मोतीबाईने ते तोंड आपल्या पदराने आणि पाठीने अडवले. शरच्चंद्राने कमरेला खोचलेला नकाशा उलगडून तिच्या शेजारची फट बुजवली. बाकी करण्यासारखे काही नव्हते. ते चिखलाच्या वाळल्या पापुद्र्यांवर तोंड खुपसून पडले. छातीत हवा जात होती, पण ती हवा नव्हतीच. डोक्यावर रस्ता होता, रस्त्यावरून आग जात होती, आणि पलीकडे ती लाल गाडी. तो कान देऊन स्फोटाची वाट पाहत राहिला. आता होईल. आता होईल! गाभण बकरीचे काळीज त्याच्या दंडाला लागून धडधडत होते. आपले की तिचे, हेही त्याला कळेना.

किती वेळ गेला, कोण जाणे. मग उजेड विझला. वर माणसांचे आवाज आले.

“आये! ए आये!”

“हिरूऽऽ!” मोतीबाईने मोरीतूनच हाक घातली. “हिकडं हाय रं मी! बकऱ्या बी हायत!”

बाहेर सगळे काळे होते. हातात करपलेल्या हिरव्या डहाळ्या घेतलेली माणसे दोन्ही बाजूंनी येत होती. हिरू आईकडे धावला. त्याने तिला लहान पोरासारखे कडेवर उचलले. चरात जनी नावाची त्याची बायको कमरेला पदर खोचून गाडीवर ओंजळी ओंजळीने माती टाकत होती. डावी बाजू कोळशासारखी झाली होती, दोन टायर वितळून रस्त्याला चिकटले होते, गाद्यांमधून अजून धूर निघत होता. पण टाकीपर्यंत आग गेली नव्हती.

द्वारका धावली. तिने दार उघडायला दोन्ही हात घातले आणि किंकाळी फोडली. दोन्ही तळहात पोळले होते.

देवळापाशी अडकलेल्या ट्रकवाल्यांनी दोरखंड आणले आणि गाडी चरातून रस्त्यावर ओढली. इंजिन मेलेले, ब्रेक मेलेले, टायर गेलेले. माणसांनी वरच्या बाजूने दोर धरून गाडी तशीच उलटी उतरवायची, एवढाच उपाय होता. पण चाकावर कोणीतरी बसायला हवे होते, आणि द्वारकाच्या हातांना जनीने लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या.

“शरू, तू बस,” ती म्हणाली.

तो बसला. वरच्या बाजूला पंधरा-वीस माणसे दोर ताणून उभी राहिली, आणि जन्मात कधी चाकाला हात न लावलेला चित्रकलेचा मास्तर ती जळकी गाडी पाऊल पाऊल खाली आणू लागला. मांडीखालची स्प्रिंग टोचत होती. रिम खडखडत होते. वरून, खंडाळ्याकडून, रस्ता मोकळा झाल्यावर मोटारींचे हॉर्न ऐकू येऊ लागले. करंडक कधीच कोणाला तरी मिळाला होता. कोणाला, हे त्यांनी विचारलेही नाही.

खोपोलीत दिवे लागले तेव्हा पेट्रोल पंपावरून पुण्याला प्रधानसाहेबांकडे ट्रंक कॉल लागला. फोन शरच्चंद्राने तिच्या कानाला धरला. तिने सगळे सांगितले. थांबण्याचा सल्ला ऐकला नाही, तेही सांगितले. काही लपवले नाही. पलीकडून काहीतरी विचारले गेले. मग ती म्हणाली, “हो.” पुन्हा म्हणाली, “हो, दोन्ही.” आणि मान हलवून फोन ठेवायची खूण केली.

“काय म्हणाले?” शरच्चंद्राने घाबरत विचारले.

“विचारलं, बकऱ्या वाचल्या का.”

दिवसभर न डगमगलेली द्वारका पंपाच्या पायरीवर बसली आणि चिंध्या बांधलेले दोन्ही हात तोंडावर घेऊन हुंदके देऊ लागली. शरच्चंद्र तिच्या शेजारी बसून राहिला. पलीकडे, कंदिलाच्या उजेडात, मोतीबाई बकरीच्या अंगावरची राख फडक्याने पुसत होती.