हाडाच्या ठोकणीवरच्या खाचा

ठोकायच्या वस्तूला खाचा कशाला हव्यात? शलाकाला काही केल्या उमगेना.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर दाट धुकं उतरलं होतं. समुद्र कुठे संपतो नि आभाळ कुठे सुरू होतं, काहीच कळत नव्हतं. वनस्पतितंतूंचे अभ्यासक असलेल्या आजोबांबरोबर ती इथल्या मूळच्या रहिवाशांच्या, नूचानुल्थ लोकांच्या गावी आली होती. शेजारच्या मेबल आजींना नातू झाला होता. त्याच्या पाळण्यात जुन्या रीतीप्रमाणे देवदाराच्या सालीचा मऊ थर घालायचा होता. आजींनी भिजवलेली आतली साल मोठ्या विश्वासाने शलाकाच्या हाती दिली. सोबत होती देवमाशाच्या हाडाची, खाचा पाडलेली ठोकणी.

आणि या बाईसाहेबांनी काय करावं? ठोकणी बाजूला ठेवून साल दिली सोबत आणलेल्या ठोक्या नावाच्या यंत्रमानवाला! त्याने गुळगुळीत पोलादी मुठीने दणादण घाव घातले. निम्म्या सालीचा पार भुगा झाला.

"आणखी जोर लावू?" ठोक्याने उत्साहाने विचारलं.

"नको रे बाबा!" शलाकाचे डोळे भरून आले. "आजोबा, दुसरी साल आणू या ना."

"नाही गं. झाड जगावं म्हणून आजी त्याची परवानगी मागून एकच अरुंद पट्टी काढतात. आता उरलीय तेवढीच." आजोबा तिच्याजवळ बसले. "सालीत सेल्युलोजचे (झाडाला बळकटी देणाऱ्या पदार्थाचे) लांब तंतू असतात. लिग्निन (झाडातला नैसर्गिक डिंकच म्हण) त्यांना जखडून ठेवतं. आपल्याला काय तोडायचंय?"

"डिंकाची पकड. तंतू नाहीत."

"सपाट मुठीखाली तंतूंना सरकायला जागाच नसते. ते चिरडतात. आता ठोकणी बघ."

शलाकाने खाचांवरून बोट फिरवलं. "उंच कडा दाबतात, आणि तंतू खाचांत सरकतात! म्हणजे ते सुटे होतात, तुटत नाहीत!"

मग ती हलक्या हाताने ठोकू लागली. टप्, टप्. साल उलटायची, पुन्हा टप्, टप्. बाहेर धुक्यात कुठेतरी देवमाशाने फुस्सकन श्वास सोडला. हळूहळू साल रेशमासारखी मोकळी झाली.

अर्धाच पाळणा भरला. पण बाळही अर्ध्याच पाळण्याएवढं होतं. त्या मऊ थरावर ते गाढ झोपी गेलं, तेव्हा कुठे शलाकाच्या जिवात जीव आला.

"मला खाचांच्या मुठी मिळतील?" ठोक्याने हळूच विचारलं.

मेबल आजी हसल्या. शलाकाला कानातल्या दुभाषी यंत्रातून त्यांचे शब्द मराठीत ऐकू आले. "मिळतील की. पण शलाका, आधी त्याला झाडाची परवानगी मागायला शिकव."

शलाकाने ठोक्याचा पोलादी हात धरला, आणि दोघं धुक्यातून देवदाराकडे निघाली.